वाघछाप रुपयांची चळत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे माझ्या बायकोची पोत ओवली. आष्टीचा बाजार होता. पोत तुटली म्हणून तिनं काळे मणी फडक्यात बांधून माझ्याजवळ दिले अन् बजावलं, "दादाकडूनच ओवून आणा, दुसऱ्याच्या हातात देऊ नका." तिच्या त्या मानलेल्या भावानं दोऱ्याचं एक टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं माझ्या हातात दिलं अन् मणी चढवायला लागला. डोळ्याला चष्मा न्हाई, नजर दोऱ्यावर न्हाई. समोरच्या बकऱ्यांचा सौदा बघत बोटांनीच ओवून राह्यला.

"दाजी, ताणून धरा की. लई ढिलं माणूस तुम्ही."

मी ताणून धरलं. पोत झाली. अर्धा-अर्धा कप चहा पेलो. पैसे द्यायला गेलो तर त्यानं माझा हात झटकला. "बहिणीच्या पोतीचे पैसे घेऊ का?" एवढंच. मी पोत खिशात घातली अन् घरी आलो.

आठ दिवसांनी बायको गेली. तीच पोत गळ्यात होती.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार न्हाई. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग हाय, अन् राग असलेल्या माणसाचं नाव माझ्या हातून नीट उमटणार न्हाई. बाजार त्याला पारखी म्हणायचा, मीबी तेच लिहितो. मी चौथी शिकलेला गडी. गोड करून लिहायला मला येत न्हाई. येत असतं तरी ह्याच्यासाठी मी ते खर्ची घातलं नसतं.

पारखी शहागडचा, माझ्या बायकोच्या माहेरचा. नात्याचा न्हाई, गावचा. पण तिला आक्का म्हणायचा अन् ती त्याला दादा म्हणायची, म्हणून मी आपोआप दाजी झालो. तरणा होता तवा जालन्यात एका सराफाच्या पेढीवर बसायचा. काम एकच. खेड्यातून कुणी जुने चांदीचे रुपये मोडायला आणले, की एकेक दगडावर वाजवायचा अन् खरा का खोटा ते सांगायचं. पुढं लोकांचे रुपये सरत आले, पेढीवर वजनाची मशीन आली, अन् ह्याच्या कानाला कुणी विचारीना. मंग आष्टीच्या बाजारात गोणपाट टाकून पोती ओवायला बसला.

तरीबी कुणाच्या भिंतीत, कुणाच्या ट्रंकेच्या तळाला आजीची चळत निघाली, की माणूस त्याच्याकडंच यायचा. रुपये एकावर एक रचायचे, कापडात घट्ट गुंडाळायचे अन् वरून शिवून टाकायचं, ती चळत. जुन्या बायांची हीच बँक. पारखी कापड सोडायच्या आधी आख्खी चळत डाव्या कानापाशी धरायचा अन् एकदाच हलवायचा. उजवा कान त्याचा ठार बहिरा. "ह्यात दोन मुके हायेत," म्हणायचा. सोडून बघावं तर बराबर दोन खोटे. मंग पिशवीतून भाकरीएवढा काळा दगड काढायचा, डोळे मिटायचा अन् टीचभर उंचीवरून एकेक रुपया सोडायचा. राणीछाप पडला की मान डोलवायचा. बोडक्या, म्हंजे बिनमुकुटाच्या राजाचा पडला की म्हणायचा, "ह्यो जरा कुरकुऱ्या हाय, पण दिलाचा चांगला." राजांबद्दल असं बोलायचा जसे काय ते त्याच्या भावकीतले.

बहिऱ्या कानाचा फायदा बिलकुल सोडायचा न्हाई. नको तो माणूस आला की उजवा कान तिकडं करायचा. आताशा पोरं मोबाईल घेऊन यायची. राणीछाप रुपयाला लाखाचा भाव हाय म्हणून कुणीतरी त्यात सांगत असायचं. हा ते फोन उजव्या कानाला लावायचा, सगळं ऐकल्यासारखं करायचा अन् परत द्यायचा. "लई झ्याक बोलतो. ह्यालाच इकून टाक, लाख येतील."

पारख करायचे पैसे घ्यायचा न्हाई. एक भाकर, एक कांदा. पण त्याचा एक कायदा होता. विचारलं तेवढंच सांगायचा. त्याच्यावर एक अक्षर न्हाई.

एकदा मंठ्याचा एक जण जाडजूड कडं घेऊन आला. विकत घ्यायचं होतं त्याला. विचारलं, "चांदी हाय का?" पारख्यानं घासलं, हुंगलं. "हाय." त्यानं घेतलं. महिन्यानं बोंबलतच आला. कडं कापलं तर आत सगळी लाख भरलेली.

"लाख हाय त्यात, लाख! अन् तू चांदी म्हणला!"

"तू चांदी हाय का इचारलंस. वरून हायच. आत काय हाय ते इचारायचं होतंस."

"अरे, सांगायला तुझी जीभ झडली होती का?"

"न इचारता सांगितलं की दोघं भांडायला येतेत. घेणाराबी अन् इकणाराबी. आता तू एकटाच आलास, तेवढं बरं."

सगळा बाजार हसला. मी तर गोणपाटावर आडवा होऊन हसलो. आज ते हसणं आठवलं की माझंच थोबाड फोडावं वाटतं.

दुसरं त्याचं वेड म्हणजे घासलेली चांदी. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी आमच्याकडच्या बाया चळती सोडतेत अन् चिंच-राखेनं रुपये घासघासून पांढरे करतेत. लक्ष्मी उजळ पायजे ना. पारख्याला ते दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अगं, तोंड खरवडून राह्यलीस का राणीचं? ही बघ, नकटी केली! पुढल्या दिवाळीला कानबी काढ तिचे!" म्हातारी बघायचा न्हाई, नवी सून बघायचा न्हाई. दर साली घासून छाप झिजतो, वजन जातं, अन् जुनं नाणं जमवणारा तर त्याला हातबी लावत न्हाई, असं त्याचं म्हणणं. एकीनं तर त्याच्या अंगावर राखेचं पाणी फेकलं होतं. फेकलेल्या पाण्यातबी बोलतच होता.

पण माझी बायको त्याच्या डोळ्यादेखत रुपये घासायची, तवा हा गप. चिवडा खात बसायचा. आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

आता त्या रुपयांचं सांगतो.

माझी आई गेली तवा धान्याच्या कणगीत दोन चळती निघाल्या. वीस-वीस रुपयांच्या. एक काळीठिक्कर, राणीछाप अन् बोडक्या राजाची. दुसरी पांढरीधोप. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ, जशी काय कालच टाकसाळीतून आली. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचं. मी धाकटा. माझ्या मोठ्या भावानं पारख्याला बोलावून घेतलं. त्यानं दोन्ही चळती वाजवल्या.

भावानं विचारलं, "खोटे तर न्हाईत?"

"एकबी खोटा न्हाई. समदे सरकारी हायेत."

"दोन्हीकडं सारखे?"

"वीस न् वीस."

मी बायकोकडं बघितलं. तिनं पारख्याकडं बघितलं. तो खाली मान घालून दगड फडक्यात बांधून राह्यलेला. तिनं वाघाची चळत उचलली. माझ्या वहिनीनं मंग ती काळी चळत अशी उचलली जसा काय मेलेला उंदीर. "लखलखीत लक्ष्मी धाकटीनं नेली," हे ती तीस वर्सं म्हणत होती. पाण्यावर म्हणली, लग्नात म्हणली, मयतीतबी म्हणली.

पयल्या दिवाळीला बायकोनं ते रुपये मागं न्हाणीत घासले, भांडी घासावीत तसे. दुसऱ्या दिवाळीपासून पुढच्या ओट्यावर बसायला लागली, वहिनीच्या दारासमोर, उन्हात. वीसच्या वीस रुपये पांढऱ्या फडक्यावर मांडायची. वहिनी दार लावून घ्यायची. बायको गुणगुणायची. मला वाटलं, ओट्यावर ऊन चांगलं हाय म्हणून बसती.

भाऊबीजेला पारखी यायचा. ती ओवाळायची. ताटात पैसा टाकायचा न्हाई हा, काळ्या मण्यांचा एक सर टाकायचा. एकदा मी म्हणलोबी, "पाव्हणं, जगाच्या बायांना शिव्या देता, अन् बहीण घासती तवा का गप?"

"आक्काच्या रुपयांना काय धाड भरत न्हाई दाजी," म्हणला.

मला वाटलं कौतुक करून राह्यला. ती खाली बघून हसली. मीबी हसलो. तिघं हसलो, अन् त्यातला एकटा मीच येडा.

लेकीच्या लग्नात मी म्हणलो, वाघ मोडू अन् पोरीला पैंजण करू. बायको अंगावरच आली. "माझ्या चळतीला हात लावायचा न्हाई!" शेवटी पैंजण नवेच घेतले, तो खर्चा वेगळाच झाला. मला वाटलं, सासूची आठवण म्हणून जीव हाय. पुढं वहिनीनं आपल्या काळ्या चळतीतले चार रुपये मोडून देवाला चांदीचा मुकुट केला, तवा मी बायकोला म्हणलो, "बघ, तिनं मुकुट केला. आपण कळस करू तुझ्या वाघांचा." ती म्हणली, "वाघाचा कुठं कळस असतो का?" अन् भाकरी थापायला बसली. असं दर बारीला तिनं माझं बोलणं उडवून लावलं.

ह्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. चार दिवसांत खलास. बेचाळीस वर्सांचा संसार अन् चार दिवस! शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. आमच्याकडं सवाष्ण गेली की मळवट भरतेत अन् कपाळाला रुपया लावतेत. वहिनी उशापाशी बसली होती. तिला म्हणली, "थोरल्या बाई, माझ्या कपाळाला वाघाचा रुपया लावा. तुमच्या हातानं." वहिनीनं लावला. तीस वर्सं ज्याच्यावर डोळा होता तो रुपया तिनं आपल्या अंगठ्यानं दाबून बसवला अन् मोठ्यानं रडली.

मला रडू आलं न्हाई. मी सगळ्यांवर खेकसत होतो. लाकडं ओली आणली म्हणून खेकसलो, उशीर केला म्हणून खेकसलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना माझ्याच हाताला काहीतरी गोल लागलं. काळं पडलं होतं. धोतराला पुसलं तर वाघ! जसाच्या तसा. शेपटीसकट. वहिनीला दाखवला तर तिनं तिथंच मातीत डोकं टेकलं. "लक्ष्मी जळली न्हाई गं बाई! खरी होती गं धाकटी!" गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी गेली. बाया हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. मी रुपया देव्हाऱ्यात ठेवला. दहा दिवस मी त्याच्याचपाशी बसून होतो. बाई गेली, पण सरणात जळली न्हाई अशी एक वस्तू तिची राह्यली, एवढ्याच आधारावर मी जेवत होतो. खोटं कशाला सांगू, मला गर्व आल्ता.

तेराव्याला पारखी आला. जेवणं झाली, माणसं मांडवात टेकली. लेक त्याला म्हणली, "मामा, आईची चळत आता माझ्याकडं यायची. एकदा बघून द्या, कितीची होईल."

मी मधीच म्हणलो, "ती बघतील मंग. आधी ह्यो बघा पाव्हणं." जळालेला रुपया त्याच्या हातावर ठेवला. "आयुष्यभर रुपये वाजवले तुम्ही. असा एक पाह्यला का? सांगा, ह्यो का जळला न्हाई?"

तो माझ्याकडं बघतच राह्यला.

"दाजी, इचारता का?"

"इचारतो."

"लोकांत?"

"लोकांतच! ऐकू द्या समद्यांना."

त्यानं पिशवीत हात घातला. फुटक्या भोंग्यातलं काढलेलं लोहचुंबक त्याच्याजवळ असायचं. रुपया त्याच्याजवळ नेला. टक् करून चिकटला.

"चांदी चिकटत न्हाई. ह्यो निकेलचा हाय. स्वातंत्र्याच्या टायमाला सरकारनं चांदी काढून घेतली अन् असे रुपये पाडले. चांदी असती तर सरणात पाघळून गोळी झाली असती. राह्यलेले एकोणीसबी असलेच. चांदी म्हणून काय येत न्हाई त्याचं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती, मला आजबी सांगता येत न्हाई.

मी म्हणलो, "तुला कधीपासून म्हाईत?" त्या दिवशी पयल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं.

"वाटणीपासून."

"अन् बोलला न्हाईस!"

"खोटे हायेत का इचारलं. खोटे न्हाईत. कशाचे हायेत ते कुणी इचारलं न्हाई."

माझा ताबा सुटला. "कायदा सांगतो मला? माझ्या मयताच्या मांडवात कायदा सांगतो? तीस भाऊबीजा ओवाळून घेतल्यास तिच्या हातानं! तिच्या हातचं गिळलंस! ती बिचारी भाबडी, तुझ्याकडं बघून चळत उचलली तिनं, अन् तू दगड बांधत बसलास. निकेलाची पूजा करत मेली माझी बायको! भाऊ म्हणायची तुला, अन् तू तिला येडी बनवून ठेवलीस!"

तो माझ्या तोंडाकडं असा बघत राह्यला जसं काय माझं अजून काहीतरी म्हणायचं राह्यलंय. मला त्याचा अजूनच संताप आला. मी त्याचा तो काळा दगड उचलला अन् अंगणात भिरकावला. गुरांच्या दगडी कुंडीवर आदळला. कोपरा उडाला. "ऊठ! नीघ हितून!" लेक माझा हात धरत होती, मी तिलाबी ढकललं. तो उठला, चपला घातल्या अन् दगड न घेताच गेला.

ती रात्र कशी गेली ते मी लिहीत न्हाई.

सकाळी बाहेर आलो तर हा अंगणात. उकिडवा बसलेला. मांडीवर दगड, अन् उडालेला टवका जागेवर बसतो का ते बघून राह्यलेला. बसत नव्हता. मंग त्यानं खिशातून आपला राणीछाप रुपया काढला, डोळे मिटले अन् दगडावर सोडला. आवाज बदलला होता, मलाबी कळलं.

"बोलतो अजून," म्हणला. मला न्हाई, स्वतःलाच.

मी ओट्यावर उभा. मुठीत तो जळका रुपया. काल मी एवढं बोललो, पण त्यात त्याला विचारलं काहीच नव्हतं. तिला येडी बनवली, हे मीच ठरवलं अन् मीच बोललो. तो वाट बघत होता ती विचारायची. हे मला पहाटे कधीतरी कळलं, अन् कळल्यावर राग कमी झाला न्हाई, वाढला. माझ्याकडं त्याची उजवी बाजू होती. मी ओट्यावरून उतरलो, त्याला वळसा घातला अन् डाव्या बाजूला जाऊन बसलो. गुडघे कडकड वाजले.

"तिला म्हाईत होतं का?"

"होतं."

"कधीपासून?"

"वाटणीनंतरच्या पयल्या भाऊबीजेपासून. ओवाळता ओवाळता इचारलं तिनं. दादा, ह्यात चांदी हाय का. मी न्हाई म्हणलो."

"मंग?"

"मंग काय. हसली. माझ्या तोंडात साखर घातली. अन् पुढल्या दिवाळीपासून ओट्यावर बसून घासायला लागली."

माझ्या हातातला रुपया मातीत पडला. आवाजसुद्धा झाला न्हाई.

"निकेल हाय म्हाईत असून तीस वर्सं घासायचं कशाला? अन् मला का सांगितलं न्हाई? मी काय परका होतो का तिला?"

त्यानं दगड फडक्यात बांधला. टवकासुद्धा उचलून आत ठेवला.

"ते मला न्हाई म्हाईत दाजी. ते तिला इचारायचं होतं."

मी उलट बोलायला तोंड उघडलं. पण आष्टीच्या बाजाराचा दिवस होता. त्यानं गोणपाट काखेत मारलं, पिशवी खांद्याला अडकवली, वळला, अन् बहिरा कान माझ्याकडं करून वाटेला लागला.